नको असलेला बदल आणि नकाराची नोंद



आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस संगणकाच्या कोडवर काय बोलणार? कोडवर आम्ही बोलणारच नाही. आम्ही बोलणार आहोत भांडणावर. सगळ्यांची मिळून एक वस्तू आहे, तिच्यात कुणीतरी बदल सुचवतो आणि दुसरा म्हणतो, "नको." या ‘नको’चं पुढे काय होतं, ते न्यायानं कसं म्हणावं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि तो संगणकाच्या आधीपासूनचा आहे.

आधी शब्द समजून घेऊ, कारण ऐकणाऱ्यांत सगळेच त्या क्षेत्रातले नाहीत. ओपन सोर्स म्हणजे ज्या प्रणालीचा मूळ मजकूर, म्हणजे कोड, कुणालाही वाचता येतो, उतरवून घेता येतो, बदलता येतो अशी प्रणाली. तुम्ही बदल केलात आणि तो मूळ प्रतीत जावा असं तुम्हाला वाटलं, तर तुम्ही तशी विनंती पाठवता. तिला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. मूळ प्रतीच्या किल्ल्या काही मोजक्या माणसांकडे असतात. त्यांना ‘मेंटेनर’ म्हणतात, आपण राखणदार म्हणू. राखणदार विनंती वाचतो आणि बदल घेतो, परत पाठवतो किंवा नाकारतो.

हे सगळं अमेरिकेतच चालतं असं समजू नका. घाटकोपरच्या अलीकडचं स्टेशन विद्याविहार. पूर्वेला सोमय्यांचं शैक्षणिक संकुल, पश्चिमेला नीलकंठ बिझनेस पार्क. फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीचा पत्ता बरीच वर्षं तिथला. रुषभ मेहता यांनी सुरू केलेल्या या कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली हिशेब, साठा, खरेदी-विक्री असं धंद्याचं सगळं काम करते, आणि तिचा कोड जीपीएल ३ या परवान्याखाली खुला आहे. जगभरातून माणसं तिच्यात बदल सुचवतात. म्हणजे आपल्या मध्य रेल्वेच्या एका लहानशा स्टेशनाजवळ हा ‘हो’ आणि ‘नको’चा व्यवहार वर्षानुवर्षं चालू आहे.

आता मूळ मुद्दा. नाकारलेल्या माणसाची तक्रार नेहमी एकाच सुरात येते: "मी फुकट काम करून दिलं, आणि यांना ते घ्यायचंही नाही!" या तक्रारीच्या पोटात एक गृहीतक आहे. बदल म्हणजे भेट, आणि भेट नाकारणं हा अपमान. हे गृहीतक आम्हाला मान्य नाही. भेट दिली की देणारा मोकळा होतो आणि घेणाराही फारसा बांधला जात नाही. कोडचं तसं नाही. आज घेतलेल्या शंभर ओळी उद्या बिघडल्या तर दुरुस्त कुणी करायच्या? दोन वर्षांनी बाकीचा कोड बदलला की या ओळींना त्याच्याशी जुळवून कुणी घ्यायचं? देणारा तोपर्यंत नोकरी बदलून गेलेला असतो. तेव्हा कोड देणं हे मिठाईचा डबा देण्यासारखं नाही, दारात गाय आणून बांधण्यासारखं आहे. गाय चांगली असेलही. पण वैरणपाणी, दुखणंखुपणं हे सगळं ज्याच्या गोठ्यात ती बांधली त्याच्या माथी. मग गोठेवाल्याला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार आहे की नाही? आहे. आणि त्यानं तो वापरला म्हणून तो कृतघ्न ठरत नाही.

हा अधिकार नाकारला की काय होतं याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं २०२० सालच्या ऑक्टोबरचं. डिजिटलओशन ही कंपनी दरवर्षी ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाचा उपक्रम करते. त्या वेळी नियम असा होता की महिनाभरात चार पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. झालं काय, तर अनेक प्रकल्पांच्या दारात अर्थहीन बदलांचा पूर आला. माहितीच्या पानात एखादं विशेषण घाला, मथळ्याला ‘अप्रतिम प्रकल्प’ जोडा, असले बदल. यातले बरेचसे एका भारतीय यूट्यूब वाहिनीवर दाखवलेल्या नमुन्यावरून केलेले होते. राखणदार इतके वैतागले की महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पानं आपणहून दार उघडलं असेल तिथलेच बदल मोजले जातील. आम्ही त्या मुलांची टिंगल करणार नाही. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत किती अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत ते बघा. नोकरीच्या मुलाखतीत ‘ओपन सोर्समध्ये काय केलंय?’ हा प्रश्न येतो हे त्या मुलांना माहीत असतं. पण दुसऱ्याच्या अंगणात आपली हजेरी लावणं आणि त्या अंगणासाठी काही करणं यातला फरक त्यांना कुणी सांगितलेला नसतो. तो सांगणं हे शिक्षकाचं काम आहे.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. ‘एक्सझेड’ नावाचं एक छोटं साधन आहे, फाइली दाबून लहान करणारं. जगातल्या असंख्य लिनक्स यंत्रांवर ते असतं. वर्षानुवर्षं ते मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, लासे कॉलिन. २०२२ मध्ये त्याच्यावर जाहीरपणे दबाव यायला लागला. तुम्ही बदल घ्यायला उशीर लावता, तुम्हाला रस उरलेला नाही, किल्ल्या दुसऱ्याला द्या, असा. त्यानं उत्तर दिलं की प्रकृतीच्या अडचणी आहेत आणि हा बिनपगारी छंद आहे. शेवटी ‘जिआ टॅन’ या नावानं वावरणाऱ्या, नेटानं मदत करणाऱ्या व्यक्तीच्या हाती किल्ल्या गेल्या. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच नावाखाली आलेल्या आवृत्त्यांत, ५.६.० आणि ५.६.१ मध्ये, चोरदरवाजा बसवलेला निघाला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे जाणवलं, त्यानं छडा लावला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जगाला सांगितलं. त्या अर्ध्या सेकंदानं आपण वाचलो. ज्या समाजात ‘नको’ किंवा ‘थांबा’ म्हणणाऱ्याला कामचुकार ठरवलं जातं, तिथे किल्ल्या चुकीच्या हाती जाण्याची वाट आपणच मोकळी करून देतो.

इथपर्यंत आम्ही राखणदाराची बाजू घेतली. आता दुसरी बाजू. नकाराचा अधिकार आहे म्हणजे कसाही नकार चालेल असं नाही. याचा विचार करायला आपल्याकडे फार चांगली सामग्री आहे, फक्त ती आपण संगणकाशेजारी ठेवून पाहत नाही.

ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०. पुढची तीनशे वर्षं ती हातानं उतरवली गेली. उतरवणाऱ्यांनी शब्द बदलले, स्वतःच्या ओव्या घातल्या. वाईट हेतूनं नव्हे, प्रेमापोटीच. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. आणि यापुढे कुणी आपली ओवी यात मिसळली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल, अशा अर्थाची तंबी दिली. आजच्या भाषेत सांगायचं तर नाथ हे ज्ञानेश्वरीचे राखणदार झाले आणि नको असलेले बदल त्यांनी बाहेर काढले. त्यांचे उपकार किती आहेत ते वेगळं सांगायला नको. पण एक गोष्ट बघा. नाथांनी काय काय काढलं आणि का काढलं याची यादी आपल्यापर्यंत आलेली नाही. परिणाम काय झाला? १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एक जुनी प्रत छापली आणि ती नाथपूर्व असल्याचं प्रतिपादन केलं. तेव्हापासून मूळ शब्द कुठला, नाथांचा कुठला, हा वाद अभ्यासकांत चालूच आहे. निर्णय उत्तम असला तरी त्याची नोंद हाती नसली, तर भांडण संपत नाही, पुढच्या पिढ्यांकडे जातं.

आता याच्या शेजारी पुण्याचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर ठेवा. १९१९ मध्ये तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर मुख्य संपादक होते, १९४३ मध्ये त्यांचं निधन झालं, इतरांनी काम पुढे नेलं आणि ते पूर्ण झालं १९६६ मध्ये. १२५९ हस्तलिखितं ताडली, १९ खंड झाले. या संपादकांनी किती गोष्टी नाकारल्या! गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही कथा घ्या. महाराष्ट्रातल्या पोरासोरांना ठाऊक असलेली. सुखटणकरांनी पाहिलं की पुराव्याच्या कसोटीवर ती मूळ संहितेत टिकत नाही. त्यांनी ती संहितेतून बाहेर ठेवली. गणपतीच्या महाराष्ट्रात, पुण्यात बसून! याला धैर्य लागतं. पण त्यांनी ती फेकली का? नाही. ती परिशिष्टात छापली. प्रत्येक पानावर वर स्वीकारलेला पाठ आणि खाली बारीक अक्षरांत नाकारलेले पाठ, कुठल्या प्रतीत कुठला आहे त्याच्या खुणांसह. आणि जिथे स्वतः संपादकाचीच खात्री कमी, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ. म्हणजे "आम्ही हा निवडलाय, पण छातीठोक सांगत नाही."

ही आहे नकाराची नोंद. ज्याला सुखटणकरांचा निर्णय पटत नाही त्याला त्यांच्याच पुस्तकातला पुरावा घेऊन त्यांच्याशी भांडता येतं. आमच्या मते विद्वत्तेतली ही सर्वांत मोठी उदारता आहे.

ओपन सोर्सकडे यासाठी लागणारी हत्यारं आहेत, आणि भांडारकरच्या संपादकांपेक्षा स्वस्तात आहेत. प्रत्येक बदल, प्रत्येक नकार यंत्र आपोआप साठवून ठेवतं. पण साठवण म्हणजे नोंद नव्हे, आणि आमची टीका इथे आहे. विनंती सहा महिने तशीच पडून राहते. मग अनेक प्रकल्पांत एक स्वयंचलित यंत्रणा येऊन सांगते, ‘हालचाल नाही म्हणून बंद.’ हा नकार कुणी दिला? कुणीच नाही. कारण काय? नाही. आम्हाला हा प्रकार सरकारी कचेरीतल्या ‘साहेब जागेवर नाहीत’च्या जातीचा वाटतो. राखणदार थकलेला असतो हे मान्य. पण ‘आमच्या दिशेत बसत नाही, म्हणून घेत नाही’ एवढं एक वाक्य लिहायला जो वेळ लागतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ पुढे तोच बदल घेऊन येणाऱ्या दहा जणांना तोंड देण्यात जातो.

पायथॉन या भाषेच्या लोकांनी याचा चांगला विचार केला आहे. भाषेत मोठा बदल सुचवायचा तर रीतसर प्रस्ताव लिहावा लागतो, आणि त्याच्या नमुन्यात ‘नाकारलेल्या कल्पना’ असा एक भाग असतो. नाकारलेले प्रस्तावही क्रमांकासह जपून ठेवतात. पण रीत चांगली म्हणून माणसं थकत नाहीत असं नाही. २०१८ च्या जुलैमध्ये ५७२ क्रमांकाच्या प्रस्तावावरून इतकी कडाक्याची भांडणं झाली की, प्रस्ताव मंजूर झाल्यावर, भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी अंतिम निर्णयाचं आपलं पद सोडलं. वाद होता एका छोट्या चिन्हाचा! पुढच्या वर्षी पाच जणांचं निवडून दिलेलं मंडळ आलं. म्हणजे इथे ‘नको’ म्हणणारे सामान्य सभासद होते आणि बदल रेटणारा खुद्द राखणदार. नको असलेला बदल नेहमी बाहेरूनच येतो असं नाही, हे ध्यानात घ्या.

मग वाद करायचा कसा? न्यायदर्शनानं चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, आणि ते इतके नेमके आहेत की कुठल्याही प्रकल्पाच्या दारावर लावावेत. वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे दोघांनाही सत्य काय ते कळावं म्हणून केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू काहीच न मांडता फक्त दुसऱ्याची मोडणं. मराठीत आपण ‘वितंडवाद’ म्हणतो आणि कुठल्याही लांबलेल्या भांडणाला ते नाव देतो, पण मूळ अर्थ अधिक नेमका आहे. ‘हे चालणार नाही’ असं म्हणून जो निघून जातो, काय चालेल ते सांगत नाही, तो वितंडा करतो. मग तो दोन मिनिटांत का आटोपेना.

याच परंपरेतली दुसरी शिस्त म्हणजे पूर्वपक्ष. आपलं मत मांडण्याआधी समोरच्याचं मत मांडायचं, आणि ते असं की तो म्हणेल, "हो, हेच मला म्हणायचं होतं." आम्ही सुचवतो की नकार लिहिताना राखणदारानं पहिल्या दोन ओळी पूर्वपक्षाला द्याव्यात. ‘तुम्हाला अमुक अडचण येते, आणि हा बदल ती अशी सोडवतो.’ मग पुढे, ‘तरी आम्ही घेत नाही, कारण असं.’ यातून नकार गोड होत नाही. पण समोरच्याला कळतं की आपलं म्हणणं वाचलं गेलंय. माणसाला बहुतेक वेळा नकाराचं दुःख तेवढं नसतं, न वाचता नाकारल्याचं असतं. आणि बदल पाठवणाऱ्यानंही हाच नियम पाळावा: कोड लिहिण्याआधी विचारावं, आणि राखणदाराला याचा काय भार पडेल ते स्वतःच आधी मांडावं.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड मुद्दा. ओपन सोर्समध्ये वाद विकोपाला गेला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पटत नसेल तर फोर्क करा." फोर्क म्हणजे सगळा कोड उतरवून घेऊन आपला वेगळा प्रकल्प काढणं. मराठीत याला फार सुंदर शब्द आहे, वेगळी चूल मांडणं. हा हक्क मोठा आहे, आणि तो किती मोठा आहे हे आपल्या उपनगरात राहणाऱ्याला पटकन कळेल. आपल्या गृहनिर्माण संस्थांचा पुनर्विकास घ्या. ४ जुलै २०१९ च्या शासनाच्या सुधारित निर्देशांनंतर ५१ टक्के सभासदांच्या संमतीनं तो निर्णय पुढे जातो. उरलेल्यांना पटो न पटो, इमारत एकच आहे, तिची दुसरी प्रत काढता येत नाही. कोडची काढता येते, तीही फुकट. ईआरपीनेक्स्टच्याच कोडमधून फ्रान्समध्ये ‘डोकोस’ नावाची वेगळी चूल मांडली गेली, आणि परवान्यानं ती मांडण्याचा पूर्ण हक्क दिलेला आहे.

पण हा हक्क आहे म्हणून ते वाक्य उत्तर ठरतं का? आमच्या मते नाही. कोडची प्रत निघते, माणसांची निघत नाही. चुका शोधणारे, प्रश्नांना उत्तरं देणारे, नवख्याला शिकवणारे यांची प्रत कशी काढणार? ‘फोर्क करा’ हे थोरल्या भावानं धाकट्याला ‘जमत नसेल तर वेगळा राहा’ म्हणण्यासारखं आहे. कायद्यानं बरोबर, पण त्या एका वाक्यात आपण घर चालवायची जबाबदारी टाळली हे विसरू नये. आणि वेगळी चूल म्हणजे कायमचं वैर असंही नव्हे. २०१४ च्या शेवटी नोड प्रकल्पातून ‘आयओ जेएस’ हा फाटा निघाला, आणि २०१५ मध्ये दोन्ही पुन्हा एकत्र आले, वेगळ्या आणि अधिक खुल्या कारभाराखाली. म्हणजे फाट्यानं मूळ घराला सुधारलं.

वेगळ्या चुलीच्या अलीकडे आणखी एक वाट आहे, आणि तिच्यासाठी पुन्हा विद्याविहारला येऊ. भारतात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याचे नियम सतत बदलत राहिले. हा सगळा भारतीय करांचा कोड ईआरपीनेक्स्टच्या मूळ प्रतीत होता. केनियातल्या दुकानदारानं तो का वागवावा? २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीपासून तो ‘इंडिया कंप्लायन्स’ नावाच्या स्वतंत्र जोडणीत गेला. वेतन आणि मनुष्यबळ, आरोग्य, शिक्षण, शेती हे भागही मूळ प्रतीतून निघून वेगळे झाले. हा ‘नको’च आहे, पण ‘माझ्या माजघरात नको, शेजारी स्वतंत्र खोली बांधा, मधलं दार उघडं ठेवू’ असा. आम्हाला ही रीत विचार करण्याजोगी वाटते. तिचीही किंमत आहे, हे मात्र सांगितलं पाहिजे. एखाद्या छोट्या दवाखान्याचं काम त्या भागावर चालत असेल, तर त्यांच्या दृष्टीनं मूळ घरातून बाहेर जाणं हाच नको असलेला बदल. खोली बांधली, पण ती झाडायची कुणी, हा प्रश्न उरतोच. म्हणून वेगळं करताना त्या खोलीला राखणदार आहे ना, एवढं पाहणं हे वेगळं करणाऱ्याचं कर्तव्य आहे. ते पाहिलं नाही तर तो नकार सभ्य शब्दांत दिलेली हकालपट्टी ठरतो.

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात असं. राखणदाराला ‘नको’ म्हणायचा पूर्ण अधिकार आहे, कारण भार तो वाहतो. पण वस्तू सगळ्यांची असल्यामुळे त्या ‘नको’वर तीन ऋणं असतात. ते वेळेवर द्यावं, कारणासह द्यावं, आणि पुढच्याला सापडेल असं लिहून ठेवावं. कारण खासगी मालमत्तेच्या मालकाला द्यावं लागत नाही, सामायिक वस्तूच्या राखणदाराला द्यावं लागतं. फरक एवढाच आहे, पण सगळी नीती त्या फरकात आहे. आणि बदल पाठवणाऱ्यावर एक ऋण: आपण गाय बांधून निघून जाणार आहोत की वैरणीलाही येणार आहोत, ते आधी सांगावं.

तुमच्यापैकी कुणी कोड लिहीत नसेल, तरी संस्थेच्या सर्वसाधारण सभेला जात असाल. पुढच्या वेळी कुणाची सूचना फेटाळली गेली की इतिवृत्तात फक्त ‘नामंजूर’ लिहिलंय की कारणही लिहिलंय, ते जरूर बघा. कारण नसेल तर सचिवांना लिहायला सांगा. पाच वर्षांनी तोच विषय परत येतो, तेव्हा त्या एका ओळीची किंमत कळते.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता आक्षेप येऊ द्यात. फक्त आधी पूर्वपक्ष, मग खंडन.